वाळूखालची माणसं: रोमन अँफिथिएटर चालायचं कसं

इटलीतल्या पोत्सुओलीच्या अँफिथिएटरमध्ये, म्हणजे चहूबाजूंनी आसनं असलेल्या रोमन खेळांच्या मैदानात, शिरल्यावर लगेच पायऱ्या चढू नका. आधी खाली उतरा. आखाड्याच्या पोटात, सहा-सात मीटर खोल, अख्खा एक मजला आहे. बाहेर जूनचं रणरणतं ऊन होतं आणि उतारावरून खाली आलो तसा अंगावर गारवा आला. विटांच्या भिंतींना ओल धरलेली, फटींतून नेचे वाढलेले, वाटेत जुन्या खांबांचे तुकडे आडवे पडलेले. आणि छतात ओळीनं चौकोनी भोकं. प्रत्येक भोकातून उन्हाचा एक सरळसोट पट्टा जमिनीवर उतरलेला. वाट वळते तसे ते पट्टेही वळत जातात.

माझी दहा वर्षांची लेक एका पट्ट्यात उभी राहिली, मान वर करून बघितलं आणि म्हणाली, "आई, इथनं खाली काय टाकायचे गं?"

टाकायचे नाहीत, वर पाठवायचे. बिबटे, अस्वलं, रानडुकरं, कधी झाडाझुडपांसकट अख्खा देखावा. वर बसलेल्या हजारोंना वाटायचं, जमीन फाटली आणि जनावर बाहेर आलं. जमीन फाडायचं ते काम, आम्ही उभ्या होतो त्याच जागी, माणसं करत होती.

ग्लॅडिएटर म्हटलं की तलवारी, रक्त आणि सम्राटाचा अंगठा एवढंच आपल्याला आठवतं. मला मात्र ही इमारत एक यंत्र म्हणून समजून घ्यायची होती. एवढी माणसं आत कशी यायची, कोण कुठं बसायचं, ऊन कसं अडवायचे, जनावरं कुठून आणायचे, कोण कुणाला पैसे द्यायचं. रोमचं कोलोसियम सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण यंत्राचं पोट बघायचं तर पोत्सुओलीला यावं. इथलं तळघर खूपच चांगलं टिकलं आहे.

पोत्सुओली हे नेपल्सच्या पश्चिमेचं समुद्रकाठचं गाव. नेपल्सहून मेट्रोच्या दोन नंबरच्या मार्गानं जायचं आणि स्टेशनवर उतरून चालत निघायचं. भुयारी भाग कधी कधी बंद ठेवतात, तेवढं आधी विचारून घ्या. रोमन काळात या गावाचं नाव पुतेओली, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकात परदेशी मालासाठी रोमचं मोठं बंदर हेच होतं. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाहून धान्याची जहाजं इथं लागत. त्याच वाटेनं आपल्याकडचा मालही जाई: मिरी, सुती कापड, रंगीत खडे. सोपारा आणि कल्याण ही बंदरं, पैठण आणि तेर या बाजारपेठा, सगळ्यांची नावं त्या काळच्या ग्रीक व्यापारी नोंदींत आहेत. आणि माल एकाच दिशेनं जात नव्हता. कोल्हापुरात ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकातल्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची वीतभरसुद्धा नसलेली कांस्यमूर्ती निघाली. ती आमच्या टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. लहानपणी मी तिच्यासमोरून कितीदा गेले असेन. ती ज्या व्यापाराबरोबर आली, त्या व्यापाराचं एक टोक या गावात होतं, हे मला इथं धक्क्यावर उभं राहिल्यावर कळलं.

अशा बंदरात पैसा खेळत होता, म्हणून तर एवढ्याशा गावाला दोन अँफिथिएटरं. जुनं आणि लहान ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेमार्ग खोदताना सापडलं. मोठं ते पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातलं, सम्राट व्हेस्पेसियन आणि त्याच्या मुलांच्या राजवटीतलं, म्हणजे कोलोसियमच्याच पिढीचं. लांबी १४९ मीटर, रुंदी ११६. इटलीत यापेक्षा मोठी फक्त दोन, कोलोसियम आणि कापुआचं. गावानं इमारतीवर कोरून ठेवलं की हे आम्ही स्वतःच्या पैशानं बांधलं. सम्राटाच्या उपकारावर नाही, हे त्यांना ठणकावून सांगायचं होतं.

आता बांधलं कशानं, ते सांगते, कारण तो धागा थेट आपल्या घरापर्यंत येतो. पोत्सुओलीच्या आजूबाजूची सगळी जमीन ज्वालामुखीची. तिथली राख चुन्यात कालवली की जे मिश्रण तयार होतं ते दगडासारखं घट्ट होतं, आणि गंमत म्हणजे पाण्याखालीसुद्धा घट्ट होतं. नुसत्या चुन्याला हे जमत नाही, त्याला धरायला हवा लागते. राखेतली सिलिका आणि अ‍ॅल्युमिना चुन्याशी पाण्यात जोडली जातात आणि नवाच बंध तयार होतो. रोमन लोक या राखेला 'पुतेओलीची पूड' म्हणत. त्याच नावाचं पुढं 'पोझोलाना' झालं. आता तुमच्या गल्लीत कुठं बांधकाम चालू असेल तर सिमेंटचं पोतं बघा. 'पोर्टलंड पोझोलाना सिमेंट' असं छापलेलं बऱ्याचदा दिसेल. आपल्याकडं त्यात ज्वालामुखीची राख नसते, औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची राख असते. पण रसायन तेच आणि नाव या गावाचं.

हे काँक्रीट आलं आणि अँफिथिएटर कुठंही बांधता यायला लागलं. त्याआधीची पद्धत काय होती हे सांगायला मला खासबागेत जावं लागेल.

मी कोल्हापूरची. आबांचं बोट धरून खासबाग मैदानात कुस्त्या बघितलेल्या. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले तेव्हा त्यांनी रोममध्ये अशी मैदानं बघितली आणि त्यावरून खासबाग बांधलं, असं कोल्हापुरात कुणालाही विचारा, सांगतील. १९१२ साली ते मैदान झालं. त्याची खुबी अशी की मध्ये हौदा, म्हणजे कुस्तीचा आखाडा, आणि चहूबाजूंनी वर चढत जाणारा मातीचा उतार. पुढच्याचं डोकं मागच्याच्या आड येतच नाही. आबा म्हणायचे, "कुठंबी बस, पैलवानाची पाठ लागली का न्हाई ते दिसणारच."

पाँपेईचं अँफिथिएटर बघितलं आणि मला पहिल्यांदा खासबागच आठवलं. इसवी सनापूर्वी ७० च्या आसपासचं ते. आज उभ्या असलेल्या दगडी अँफिथिएटरांत सर्वांत जुन्यांपैकी. तिथं मध्ये जमीन खोदली, निघालेली माती कडेला भरून उतार केला आणि त्यावर आसनं बसवली. म्हणजे मातीनंच माणसांचं वजन पेललं. पोत्सुओलीत आणि कोलोसियममध्ये तसा मातीचा भराव नाही. तिथं काँक्रीटच्या कमानी आणि तिरप्या छतांवर उतार उचलून धरला आहे. त्याचा फायदा असा की उताराखालची सगळी जागा मोकळी झाली. त्या मोकळ्या जागेत जिने आले, गोल फिरणाऱ्या वाटा आल्या, आणि गर्दीचा प्रश्न सुटला.

खासबाग गोल आणि अँफिथिएटर लांबट का, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. मला पटलेलं उत्तर असं: खासबागेत सगळ्यांची नजर एका हौद्यावर, एका जोडीवर. रोमन आखाड्यात एकाच वेळी अनेक जोडी, पळणारी जनावरं, त्यांच्यामागं शिकारी. पोत्सुओलीचा आखाडा सुमारे ७२ मीटर लांब आणि ४२ रुंद आहे. लांबीच्या दोन टोकांना दोन दरवाजे. एकातून वाजतगाजत मिरवणूक आत येई. रुंदीच्या बाजूला, म्हणजे खेळाच्या सगळ्यात जवळ, मानकऱ्यांच्या जागा. आणि कोपरा नसल्यानं जनावराला अंग चोरून बसायला जागा नाही. 'अरीना' हा शब्द मुळात वाळूचा. जमिनीवर वाळू पसरायची, पाय घसरू नये म्हणून आणि रक्त शोषलं जावं म्हणून.

कोण कुठं बसायचं याचा किस्सा तर याच गावातला आहे. सम्राट ऑगस्टसच्या काळात पुतेओलीत खेळ होते, खच्चून गर्दी होती, आणि रोमचा एक सिनेटर, म्हणजे तिथल्या राजसभेचा सभासद, बघायला आला. त्याला कुणी बसायला जागाच दिली नाही. ऑगस्टसला हा अपमान इतका झोंबला की त्यानं बसण्याचे नियमच करून टाकले. पहिली रांग सिनेटरांची. सैनिक वेगळे, सामान्य लोक वेगळे. लग्न झालेल्या पुरुषांना वेगळ्या रांगा, मुलांना वेगळा भाग आणि त्यांच्या शेजारी त्यांचे शिक्षक. मळक्या गडद कपड्यातल्या माणसानं मधल्या भागात बसायचं नाही. आणि बायकांनी? सगळ्यात वर, शेवटी. आधी बायका पुरुषांमध्ये बसून ग्लॅडिएटरांचे खेळ बघत होत्या, ते बंद झालं. वेस्टा देवीच्या पुजारिणी तेवढ्या अपवाद.

मी मुद्दाम सगळ्यात वरच्या टप्प्यापर्यंत जितकं जाता येईल तितकं गेले. तिथून आखाडा केवढा दिसतो ते बघायचं होतं. खाली उभी असलेली एक पर्यटक बाई मला अंगठ्याएवढी दिसली, चेहरा ओळखू येत नव्हता. म्हणजे वर बसणाऱ्या बायकांना लढणाऱ्याचा चेहरा दिसतच नसणार. पहिल्या रांगेतल्या सिनेटराला त्याचा श्वास ऐकू जात असणार. तिकीट फुकट असलं तरी जागेची किंमत होती, आणि ती जन्मावर ठरायची.

आता आत येणं-जाणं. उताराखालच्या वाटांबद्दल वर म्हटलं, ते कोलोसियममध्ये सर्वांत स्वच्छ कळतं. तिथं तळाला ८० कमानी. चार मुख्य दरवाजे सोडून ७६ कमानींवर आकडे कोरलेले. काही आकडे आजही वाचता येतात. आपल्या आकड्याच्या कमानीतून आत शिरायचं, तिथूनच ठरलेला जिना, तो जिना तुम्हाला तुमच्याच टप्प्यावर सोडणार. वरच्या रांगेतला माणूस खालच्या रांगेतल्याला वाटेत भेटतच नाही. शेवटी रांगांच्या मधोमध जी भोकं दिसतात, ज्यातून माणूस एकदम उजेडात बाहेर येतो, त्यांना वोमितोरिया म्हणायचे. शब्दाचा अर्थ ओकणं. इमारत माणसं ओकते, म्हणून. आपल्या क्रिकेट स्टेडियममध्ये आजही हीच रचना आहे, गेट नंबर, जिना, स्टँड.

ही काळजी उगाच आली नव्हती. इसवी सन २७ मध्ये रोमजवळ फिदेनी इथं अतिलियस नावाच्या माणसानं स्वस्तात लाकडी अँफिथिएटर उभारलं. पाया धड नाही, सांधे पक्के नाहीत. माणसांनी भरलं आणि कोसळलं. एका इतिहासकारानं मेलेल्यांचा आकडा २०,००० दिला आहे, दुसऱ्यानं मेलेले आणि जखमी मिळून ५०,०००. आकडे फुगलेले असतीलही, पण त्यानंतर सिनेटनं नियम केला: चार लाख सेस्टर्स या रोमन नाण्यांपेक्षा कमी मालमत्ता असलेल्यानं असे खेळ भरवायचे नाहीत आणि पक्की जमीन तपासल्याशिवाय अँफिथिएटर बांधायचं नाही. कंत्राटदारानं हात राखून केलेलं काम, मग शेकडो घरांत आक्रोश, आणि मग नियम. हे वाचताना दोन हजार वर्षांचं अंतर कुठल्या कुठं जातं.

उन्हाचं काय? नेपल्सच्या उन्हात दिवसभर दगडावर बसून बघा, कळेल. त्यासाठी वरच्या कडेला लाकडी डोलकाठ्या रोवायच्या आणि दोरांवर कापडाचं छत ओढायचं. कोलोसियमच्या माथ्यावर अशा २४० काठ्यांची सोय होती. वारा आला की छत शिडासारखं फुगणार, म्हणून ते सांभाळायला खलाशीच हवेत. रोममध्ये हे काम मिसेनमच्या आरमारातले खलाशी करायचे, त्यांची छावणी कोलोसियमजवळच होती. आणि हे मिसेनम कुठं? पोत्सुओलीच्या धक्क्यावरून खाडीपलीकडं दिसतं ते टोक. छत ही एवढी मोठी चैन होती की जाहिरातीत ते मुद्दाम लिहायचे.

या जाहिराती मला फार आवडतात. पाँपेईच्या भिंतींवर त्या रंगवलेल्या सापडल्या. एकीत लिहिलंय: देसिमस लुक्रेतियस सात्रियस व्हालेन्स याच्यातर्फे ग्लॅडिएटरांच्या वीस जोड्या, त्याच्या मुलातर्फे दहा जोड्या, पाँपेईत ८ ते १२ एप्रिल, शिकारही होईल, छतही असेल. आणि कोपऱ्यात रंगाऱ्याची सही: एमिलियस केलरनं हे एकट्यानं चांदण्यात लिहिलं. आपल्याकडं जत्रेच्या मैदानाची पत्रकं लागतात, वर देणगीदारांची नावं, खाली जोडींची यादी, तसंच हे. पैसा देणारा पुढारी, आणि त्याला हवी असलेली वस्तू म्हणजे लोकांची मर्जी. प्रेक्षकाला तिकिटाचा खर्च नव्हता.

दिवसाचा क्रम साधारण असा. सकाळी जनावरांच्या शिकारी आणि झुंजी. दुपारी शिक्षा झालेल्यांचा मृत्युदंड, तोही लोकांसमोर, कधी जनावरांच्या तोंडी देऊन. दुपारनंतर ग्लॅडिएटर. बासरी, तुताऱ्या, शिंगं आणि पाण्याच्या दाबावर वाजणारा ऑर्गन साथीला. आमच्या हलगीनं जसं पैलवानाला चेव येतो, तसंच ते असणार.

ग्लॅडिएटर दरवेळी मरत नव्हता. हे समजून घ्यायला भावना बाजूला ठेवून हिशेब बघावा लागतो. दुसऱ्या शतकातल्या गायस या कायदेपंडितानं एक करार उदाहरण म्हणून दिला आहे. मी तुला ग्लॅडिएटर पुरवतो. जो धडधाकट परत येईल त्याच्या घामाचे २० दिनार. जो मरेल किंवा जायबंदी होईल त्याचे १,००० दिनार. मग गायस विचारतो, हे भाडं की विक्री? उत्तर: परत आला तर भाडं, मेला तर विक्री. त्या काळी साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार ३०० दिनार होता. म्हणजे एक माणूस मारायचा तर खेळ भरवणाऱ्याला सैनिकाचा तीन वर्षांहून जास्त पगार मोजावा लागणार. त्यामुळं हरलेल्याला जीवदान देणं बऱ्याचदा परवडत होतं. पाँपेईच्या भिंतींवर हौशी प्रेक्षकांनी कोरलेले निकाल आहेत, नावासमोर 'जिंकला', 'सोडला' किंवा 'मेला' याचं एकेक अक्षर. 'सोडला' हे बऱ्याचदा दिसतं. तुर्कस्तानात एफेसस इथं १९९३ मध्ये ग्लॅडिएटरांचं दफनस्थान सापडलं. तिथल्या हाडांवर बऱ्या झालेल्या जखमा आहेत, म्हणजे वैद्य होते आणि चांगले होते. आहार मुख्यतः जव आणि कडधान्यं. लोक त्यांना 'जव खाणारे' म्हणून हाक मारायचे.

तरी हा सगळा हिशेब त्या माणसाच्या जिवाचा होता, आणि तो माणूस बहुतेक वेळा गुलाम किंवा युद्धकैदी होता. घामाचे ते २० दिनार त्याला मिळायचे नाहीत, त्याच्या मालकाला मिळायचे. गायसच्या करारातला 'घाम' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुढं वाचवेना.

दोन गैरसमज इथंच काढते. "मरायला निघालेले आम्ही तुला वंदन करतो" असं प्रत्येक ग्लॅडिएटर म्हणायचा, हे खरं नाही. ते वाक्य नोंदलेलं आहे ते इसवी सन ५२ मधल्या एका प्रसंगात, इटलीतल्या फुचिनो तळ्यावर सम्राट क्लॉडियसनं भरवलेल्या खोट्या आरमारी लढाईत, आणि ते म्हणणारे शिक्षा झालेले कैदी होते. दुसरं, खाली वळलेला अंगठा. अंगठ्याची खूण होती, पण खाली म्हणजे मृत्यू हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलं ते मुख्यतः जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२ च्या चित्रामुळं.

आता जनावरं. लेकीचा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता. "वाघ कुठनं आणायचे?" वाघ फार दुर्मीळ. कॅस्पियन समुद्राच्या बाजूनं आणि आपल्या हिंदुस्थानातून. इसवी सनापूर्वी २० मध्ये ऑगस्टस सामोस बेटावर असताना हिंदुस्थानातून वकील आले आणि भेटीत वाघ घेऊन आले. रोमन लोकांनी वाघ पहिल्यांदा बघितला तो तेव्हा, असं त्यांचा इतिहासकार लिहितो. नेहमीची जनावरं म्हणजे आफ्रिकेतले बिबटे आणि सिंह, जवळच्या डोंगरांतली अस्वलं आणि रानडुकरं. त्यांना जिवंत आणि धडधाकट पकडायचं, पिंजऱ्यात घालून जहाजावर चढवायचं, आठवडेच्या आठवडे खायला-प्यायला द्यायचं. यावर अख्खा सरकारी आणि खासगी कारभार उभा होता. रोमन वक्ता आणि पुढारी सिसेरो आजच्या दक्षिण तुर्कस्तानात सुभेदार होता तेव्हा त्याचा एक मित्र रोममधून पत्रांमागून पत्रं पाठवत होता, मला खेळांसाठी बिबटे हवेत, पाठव. सिसेरोनं उत्तर दिलं की शिकारी कामाला लागलेत, पण बिबटे फार कमी आहेत, आणि जे आहेत ते तक्रार करतायत म्हणे, की या प्रांतात आमच्याशिवाय कुणाच्याच वाटेला सापळे नाहीत. त्यांनी प्रांत सोडून जायचं ठरवलंय! इसवी सन ८० मध्ये सम्राट टायटसनं कोलोसियमचं उद्घाटन केलं, शंभर दिवस खेळ चालले. एका इतिहासकारानं मेलेल्या जनावरांचा आकडा ९,००० दिला आहे.

आणि प्रेक्षक नेहमी दगडाच्या काळजाचे नव्हते. इसवी सनापूर्वी ५५ मध्ये पाँपी या रोमन सेनापतीनं रोमच्या सर्कसमध्ये, म्हणजे रथशर्यतींच्या मैदानात, हत्ती मारायला घातले. सुटका नाही हे कळल्यावर हत्ती असे ओरडले, सोंडा उचलून असे विनवू लागले की गर्दी रडली आणि पाँपीलाच शिव्याशाप द्यायला लागली. खेळ भरवणाऱ्याच्या दृष्टीनं सगळा पैसा पाण्यात.

आता परत तळघरात येते, कारण सगळं येऊन थांबतं ते इथं. मधोमध आखाड्याच्या लांबीला धरून एक मोठी वाट, आणि तिच्याभोवती आखाड्याच्या कडेला समांतर जाणारी दुसरी. भिंतीत खालीवर दोन पातळ्यांवर कोठड्या. कोठड्यांच्या वरच्या पातळीला भिंतीतून दगडी टेकू बाहेर काढलेत, त्यावर लाकडी सज्जा असणार. मधल्या वाटेच्या डोक्यावर छत नाही, लांबच लांब चर आहे. मोठे देखावे तिथून वर जायचे. कडेची छोटी भोकं पिंजऱ्यांसाठी.

पोत्सुओलीची लाकडी यंत्रं राहिली नाहीत. पण कोलोसियमच्या तळघरात जमिनीवरच्या खाचा, भिंतीतले चर आणि दोरांनी घासून पडलेल्या खुणा अभ्यासून २०१५ साली अशी एक लिफ्ट लाकडात पुन्हा उभारली आहे. ती कशी चालते ते सांगते. मध्ये जाड उभा लाकडी खांब, खालच्या टोकाला धातूची कुसू, ती जमिनीतल्या खळग्यात बसवलेली. खांबाला आडवे दांडे. माणसं दांड्याला छाती लावून ढकलत गोल फिरणार, तेलाच्या घाण्याला बैल फिरतो तशी. खांब फिरला की दोर त्याभोवती गुंडाळला जातो, दोर वरच्या चाकावरून पिंजऱ्याला बांधलेला, पिंजरा भिंतीतल्या चरात सरळ वर चढतो. वर पोचल्यावर पिंजऱ्याचं दार उघडायचं, पुढं छोटा उतार, वरची झडप खाली पडायची, आणि जनावर उजेडाच्या दिशेनं धावायचं. एका लिफ्टला आठ माणसं. कोलोसियममध्ये अशा सुमारे दोन डझन लिफ्ट.

सोपं वाटतं खरं. आता त्यात अंधार घाला. छतावर लाकडी जमीन आणि वाळू, त्यामुळं झडप उघडेपर्यंत उजेड नाही, फक्त तेलाचे दिवे. दोन्ही बाजूंना उपाशी ठेवलेली जनावरं, त्यांची घाण, त्यांचं ओरडणं. वरून हजारो पायांचा दणका. या आवाजात हाक ऐकू जाणं शक्य नाही, म्हणजे इशारे ठरलेले असणार, कुठली झडप कितव्या तुतारीला. एक पिंजरा उशिरा वर गेला तर वरचा सगळा खेळ फसला. एक आधी उघडला तर खालचा माणूस गेला. वरच्या ग्लॅडिएटरांची नावं भिंतींवर कोरलेली आहेत, थडग्यांवर जिंकलेल्या लढतींचे आकडे आहेत, जाहिरात रंगवणाऱ्याची सहीसुद्धा राहिली. दांडा फिरवणाऱ्यांतल्या एकाचंही नाव इथं नाही.

मी भिंतीवर हात फिरवत फिरवत शोधलं. कुठं खरवडलेलं अक्षर, कुठं मोजणीच्या रेघा, काहीतरी असेल असं वाटत होतं. शंकरपाळ्यासारखे तिरपे बसवलेले छोटे दगड आहेत, मध्ये विटांचे पट्टे, सांधे दोन हजार वर्षांनंतरही असे की नख जात नाही. या जमिनीवर ते टिकलं हे विशेषच. पोत्सुओलीची जमीन श्वास घेतल्यासारखी वरखाली होते. खालच्या बाजाराच्या रोमन खांबांवर समुद्रातल्या शिंपल्यांनी पाडलेली भोकं आहेत, माणसाच्या उंचीच्याही वर, म्हणजे ते खांब मधल्या काळात पाण्यात उभे होते. १९८२ ते ८४ या दोन वर्षांत जमीन जवळजवळ पावणेदोन मीटर वर आली आणि धक्क्यावरच्या बोटी उथळ पाण्यात अडकल्या. आता गेली वीस वर्षं ती पुन्हा हळूहळू वर येते आहे.

"आई! मी इथंय बघ!"

आवाज वरून आला. लेक केव्हाच बाहेर पडून आखाड्यावर पोचली होती आणि एका भोकाच्या लोखंडी जाळीवर पालथी पडून खाली बघत होती. उजेडामुळं तिचा चेहरा दिसेना, नुसती वेण्यांची काळी आकृती.

"तू दिसतच नाहीस," ती ओरडली. "अंधारात आहेस तू. हात कर ना."

मी पट्ट्यात येऊन हात वर केला.